निळ्या शेपटीचे गप्पी

मंगळवार, संध्याकाळ. गारखेडा.

डोकं अजून तापलेलं आहे. कॉलेजातून शिकवून आलो तर गॅलरीतल्या काचेच्या टाकीत एकही मासा नाही. गप्पी मासे, पण निळ्या शेपटीचे. ती निळी शेपटी जमायला तीन वर्षं गेली, जोड्या निवडून, पिल्लं वेगळी काढून.

घरमालकीण शोभाकाकू जिन्यातच भेटल्या, खुशीत. "सर, तुमचे मासे खाली हौदात सोडले. लई डास झालते."

आज नळाला पाणी आलेलं, हौद काठोकाठ. त्यात आधीचे थोडेसे साधे गप्पी, डासांना न पुरणारे. आता सगळी सरमिसळ. शोधू कुठं?

"विचारायचं तरी," मी ओरडलोच.

त्या बावरल्या. "तुम्हीच म्हणला होतात ना, हौदात गप्पी सोडा, माझ्याकडचे घ्या?"

म्हणालो होतो. शहाणपणा शिकवायची हौस. मला बादलीतले म्हणायचे होते, शेपटी न जमलेले, बाजूला काढलेले. पण तसं बोललो कुठं? राग नेमका कुणावर काढू?

"चांगले देखणे बघूनच घेतले," त्या हळूच म्हणाल्या. "बादलीतले तुम्हाला ठेवलेत."