पात्राची खुर्ची

प्रिय सूर्यकांत,

फोन तू उचलत नाहीस. घरी आलो की प्रमोदिनीवहिनी चहा देतात आणि तू झोपला आहेस म्हणून सांगतात. परवा त्या हे सांगत असतानाच आतून वर्तमानपत्राची पानं उलटल्याचा आवाज आला. गडी जागा आहे आणि वाचतोही आहे, एवढं कळलं आणि बरं वाटलं. म्हणून हे पत्र. आजारानं तुझं बोलणं नेलं असेल, वाचणं नेलेलं नाही, तेव्हा आता माझ्या तावडीतून सुटका नाही.

तुझा नववीचा मराठीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला आहे. गणिताच्या मास्तराला मराठी कशाला, असं मी विचारून पाहिलं, पण मराठी येणारा शाळेत दुसरा कोण आहे, म्हणून मुख्याध्यापिका कस्तुरीबाईंनी मला गप्प केलं. आमची मराठी तुला ठाऊकच आहे. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं पाणी प्यालेली. पुण्या-मुंबईहून आलेल्या पोरांना ती ऐकून हसू आवरत नाही. ‘सरी, आता स्वल्प गप्प बसा,’ असं मी कानडी मिसळून म्हटलं की मागच्या बाकावरून तेच वाक्य माझ्याच आवाजात परत येतं. आधी राग यायचा, आता मीही हसतो.

पहिला धडा निघाला तो गिरणीवाल्या बापाचा. घर सोडून गेलेला मुलगा किती तरी वर्षांनी दारात उभा राहतो आणि बाप एक शब्दही न बोलता चूल पेटवून त्याला भात वाढतो, तो धडा. मी आपल्या सवयीनं फळ्यावर दोन रकाने आखले. दिलेले: मुलगा आला, बाप बोलला नाही. काढायचे: का बोलला नाही? उत्तर: रागामुळे. खाली दोन रेघा ओढल्या, हात झटकले आणि वळून पाहिलं तर सगळा वर्ग माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता. तास संपायला अजून बराच वेळ होता. शेवटी श्रीहर्षला दया आली. सूर्यकांत सर अशा वेळी पात्राची खुर्ची मांडतात, म्हणाला. त्यानंच खिडकीजवळ खुर्ची ठेवली. त्या खुर्चीत बसेल त्यानं धड्यातलं माणूस व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे, एवढं त्यानं मला समजावून सांगितलं.

बाप व्हायला यशश्री उठली. आडदांड बाप आणि ही एवढीशी पोर, पण बसली ती बापासारखीच. प्रश्न सुरू झाले. तुम्हाला राग आला होता का? मुलानं पत्र का पाठवलं नाही, असं तुम्हाला वाटलं नाही का? ती खिडकीबाहेर बघत राहिली. एकालाही उत्तर नाही. मला वाटलं, धडा न वाचताच आली आहे. मी तिला तसं बोललो, शून्य गुण देतो म्हणालो आणि जागेवर जायला सांगितलं. तर वर्ग माझ्यावर तुटून पडला. ‘सर, गप्प बसणं हेपण उत्तर असतं. सूर्यकांत सरांचा रूल आहे. मग काय म्हणायचं होतं ते आपण शोधायचं.’ आणि शोधलं रे त्यांनी. राग असता तर भात वाढलाच नसता, अनुषा म्हणाली. तोंड उघडलं तर रडू येईल, अशी त्याला भीती वाटत असेल, असं श्रीहर्ष म्हणाला. मागच्या बाकावरचा माझा नकलाकार म्हणाला की त्याच्याकडे शब्द खूप होते, कुठला आधी काढावा ते त्याला सुधरत नव्हतं. मी गुपचूप फळा पुसला. इतकी वर्षं शेजारच्या वर्गात शिकवतो, पण तू इथे काय करतोस ते मला त्या दिवशी कळलं.

तास झाल्यावर यशश्रीला थांबवून विचारलं, असं बसायला तुला कोणी शिकवलं? ती म्हणाली, ‘सर रोज बाल्कनीत बसतात ना, तसंच.’ इलेक्ट्रॉनिक सिटीत तुमच्या समोरच्याच इमारतीत ती राहते, हे मला माहीतच नव्हतं. शाळेच्या बसमधून उतरली की ती तुला हात करते आणि तू उठून आत जातोस. मी तुझी बाजू सावरायला गेलो, तर तिनंच मला सावरलं. ‘आत जातात, पण जायच्या आधी थोडं थांबतात,’ म्हणाली.

आता मुद्द्याचं. तुझा राजीनामा कस्तुरीबाईंच्या टेबलावर आहे आणि तुझा वर्ग कायमचा घ्या म्हणून त्या माझ्या मागे लागल्या आहेत. शुक्रवारपर्यंत राजीनामा पुढे पाठवू नका, असं मी त्यांना सांगून आलो आहे. वहिनी म्हणाल्या, तोंडून भलताच शब्द निघेल आणि पोरं हसतील, याची तुला धास्ती आहे. हसतील की. मला रोज हसतात, माझं काय वाकडं झालं? मला तुझा वर्ग नको आहे, सूर्यकांत. मला तू हवा आहेस, शेजारच्या वर्गात. शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन येतो, कपडे करून तयार राहा. यायचं नसेल तर चिठ्ठी लिहायची नाही, वहिनींना पुढे करायचं नाही. दारात येऊन तुझ्या तोंडानं मला ‘नाही’ म्हणायचं. तेवढा एक शब्द ऐकायला मिळाला तरी मी आनंदानं परत जाईन.

तुझाच,
वासुदेव