रविवारचं घर

प्रिय ताई,

फ्लॅट घेताना तू म्हणालीस, "अगं, एकदा कामाच्या दिवशी बघून ये. रविवारी सगळीच घरं गुणी असतात." मी फटकन बोलले, "तुला माझं चांगलं बघवतच नाही." त्यानंतर तू इथे पाऊल ठेवलं नाहीस.

दलाल रविवारीच घर दाखवायचा, मलाही तीच सुट्टी. मागचा लाकूड कापायचा कारखाना नेमका रविवारी बंद असतो. एरवी दिवसभर करवत चालते आणि घरात आम्ही नवरा-बायको ओरडून बोलतो. शेजाऱ्यांना वाटतं, आमचं पटत नाही.

आज तुला बोलवायला बसले आणि लिहून गेले, "रविवारी ये." म्हणजे मीही दलालच झाले. ते खोडलं. "मंगळवारी ये" लिहायला हात धजत नाही.

तुझीच,
धाकटी