सावरीवरचं मोहोळ

बाई,

शाळा सुटलीय. ओट्यावर अजून थोडं ऊन आहे, तिथेच बसून लिहितेय. मुलं गेली, आमचे सर दुचाकीवरून भूगावला निघून गेले, खिचडी करणाऱ्या मावशींनी पातेली घासून पालथी घातली आणि मला म्हणाल्या, आता कशाला बसलाय, घरी जावा. घरी जाऊन काय करू? घरात हा विषय काढला की सगळे म्हणतात, झालं ना नीट, मग कशाला तेच तेच उगाळायचं. नीट झालं हे खरं आहे. पण ते माझ्या मनातून काही जात नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी माझ्या भित्रेपणाची तुमच्याइतकी खडान्‌खडा माहिती दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

तुम्ही मला भागूबाई म्हणायचात. भित्री भागूबाई. नाव ठेवल्याचं तेव्हा फार लागायचं, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. मला एसटीच्या हॉर्नची भीती वाटायची, दाव्याला बांधलेल्या वासराची वाटायची, खो-खोत मागून पाठीवर थाप पडेल याची वाटायची आणि तुमची तर वाटायचीच. हिवाळा आला की तुम्ही वर्ग बाहेर उन्हात आणायचात. भात कापून झालेलं, खाचरांत नुसती धसकटं उभी, आणि दहा वाजेपर्यंत सगळ्या खोऱ्यात धुकं भरलेलं. त्या धुक्यातून डोक्याला तपकिरी स्कार्फ बांधून तुम्ही फाट्यावरून चालत यायचात. तुमची चप्पल आधी ऐकू यायची, तुम्ही नंतर दिसायचात, आणि तेवढ्या वेळात माझे पाढे विसरून व्हायचे.

वनभोजनाचा एक दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. प्रत्येकाने घरून मूठ-मूठ आंबेमोहोर तांदूळ आणलाय, कुणी पावट्याच्या शेंगा, कुणी दोन वांगी, आणि सगळ्यांच्या काखेत एकेक लाकूड. ओढ्याकाठी मुलं चुलीसाठी दगड गोळा करतायत. तुम्ही मला हाक मारता. ‘भागूबाई, इकडं ये. त्या झाडाखाली जा आणि वर काय आहे ते नीट बघून ये.’ मी रडवेली होऊन म्हणते, ‘बाई, मला भीती वाटते.’ तुम्ही म्हणता, ‘म्हणून तर तुला पाठवतेय. या धीट पोरांना वर बघायचं सुचत नाही.’ मी जाते, मान वर करते, आणि उंच फांदीला काळं घोंगडं वाळत घातल्यासारखं आग्या मोहोळ लोंबताना दिसतं. मी धावत परत. तुम्ही एका शब्दाने सगळा पसारा उचलायला लावता आणि लांब मोकळ्या खाचरात, उन्हात, चुली मांडता. गावातले एक जाणते गृहस्थ तेव्हा वैतागून म्हणाले होते, ‘बाई, त्या मोहोळानं तुमचं काय घोडं मारलंय?’ तुम्ही म्हणालात, ‘खाली धूर झाला की मारील.’ आम्ही उन्हात बसून धुरकट आमटी-भात खाल्ला. काहीच झालं नाही. त्या काहीच न होण्यात माझा वाटा होता, म्हणून मी पुढे किती दिवस ताठ मानेने हिंडले. मग एकदा कसलंसं निमित्त होऊन वर्गात रडत बसले, तेव्हा तुम्ही खडसावलंत, ‘घाबरायचं ते कामापुरतं. उरलेलं घरी ठेवून यायचं.’ ते मात्र मला कधीच जमलं नाही.

आता मीच या शाळेची बाई आहे. मुलं मॅडम म्हणतात, मोठी माणसं अजून बाईच म्हणतात. दोन शिक्षक, एवढीशी मुलं, समोर ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या शेतात उठलेली पुण्याच्या लोकांची फार्महाऊस. आमच्या तिसरीत डोंगरावरच्या धनगरवाड्याची एक मुलगी आहे. या पावसाळ्यात तिला मोहोळाची एक माशी चावली. एकच. तिचं तोंड सुजलं, श्वास अडकला, जीपमधून पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत आईबापाच्या तोंडचं पाणी पळालं. इंजेक्शनने वाचली. बरी होऊन शाळेत आली त्या दिवशी तिची आई तिला सोडायला आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘बाई, पुन्यांदा माशी डसली तर लई वंगाळ व्हईल म्हनला डाक्टर. पोर तुमच्या हवाली हाय. पर तिला ह्यातलं काय आठवत न्हाई, तुमी सांगू बी नका. ती भ्याली, तर रानात शेरडांमागं कोन जाईल? मी मजुरीला, तिचा बा मेंढरं घिऊन खाली घाटाला गेल्याला.’ मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

बाई, त्या दिवसापासून मी जीव मुठीत धरून शाळा केली. आणि मुलगी कशी, तर माझ्या अगदी उलट. ओढ्यात हात घालून खेकडे काढणार, खो-खोत खांबाकडे अशी झेपावणार की बघणाऱ्याचा ठोका चुकावा. दिवाळीनंतर थंडी पडली, केंद्राच्या स्पर्धा जवळ आल्या, लेझमीचा सराव सुरू झाला, तिचं सगळ्यांत नाव पहिलं. आणि मी तिच्या मागे मागे. नळाच्या ओलीवर माश्या पाणी प्यायला येतात म्हणून तिने तिथे हात धुवायचे नाहीत, मी तांब्याने पाणी घालणार. झेंडूच्या वाफ्यापाशी जायचं नाही. मधल्या सुट्टीत ओट्यावर, माझ्याजवळ बसायचं. ती चिडायची. ‘म्याडम, मलाच का? मी काय केलंय?’ मग मी तुमच्या आवाजात ओरडायचे, ‘बस म्हटलं ना.’ काही केलं नसताना शिक्षा झाल्यासारखी ती बसायची, पाय हलवत.

मग वनभोजन आलं. कोळवणच्या बाजूला एका निवृत्त साहेबांचं फार्महाऊस आहे. माणूस भला. म्हणाले, या वर्षी मुलांना आमच्याकडे आणा, पाणी आहे, सावली आहे, वर जिलेबी माझ्याकडून. सर तर हरखूनच गेले. मी आदल्या दिवशी एकटी जाऊन आले आणि आत जायच्या आधी अंगणातूनच वर बघितलं. हिरवळीच्या टोकाला सावरीचं जुनं झाड, आणि त्याच्या फांदीला मोहोळ. मी जागीच थांबून बोट दाखवलं. साहेब हसले. ‘अहो मॅडम, ते कधीपासून इथेच आहे. माळी रोज खाली झाडतो. आपण त्यांना त्रास दिला नाही तर ते कशाला देतील?’ परत येऊन सांगितलं, तर सरही म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही फार ताण घेता.’ मी घेतला ताण. चुली कुंपणाबाहेर, लांबच्या खाचरात, वारा झाडाकडून येईल अशा बाजूला मांडायला लावल्या. कुणी अत्तर लावून यायचं नाही, कुणी झाडाकडे फिरकायचं नाही. एवढं सगळं करूनही रात्री वाटलं, तिच्या आईला निरोप धाडावा, उद्या पोरीला घरी ठेवा. पण आठवडाभर ती सगळ्यांना सांगत होती की मी शेळीचं दूध आणणार, त्याचा चहा करायचा. मी निरोप धाडला नाही.

सकाळी ती बाटली छातीशी धरून आली. धुकं विरलं, ऊन पडलं. मुलांनी चुली पेटवल्या, फुंकून फुंकून डोळे लाल केले. धूर माझ्या हिशोबाप्रमाणे पलीकडे जात होता. भात उकळला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आज आपणही दोन घास खाऊ. तेवढ्यात साहेबांचा भाचा घरातून बाहेर आला आणि त्याने ड्रोन उडवला. मुलांचं वरून चित्रीकरण करून तो आम्हाला भेट देणार होता. बाई, मी धुराचा विचार केला होता, वाऱ्याचा केला होता, अत्तराचा केला होता. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते यंत्र घूं घूं करत सावरीच्या शेंड्यापर्यंत गेलं. मुलं वर बघून हात हलवत होती. मी ओरडले, ‘खाली घ्या ते, खाली घ्या.’ पण त्या घुंईत माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? आणि मग ती घुंई वाढली, यंत्र लांब गेलं तरी वाढतच राहिली.

सरांनी त्या दिवशी डोकं शांत ठेवलं, हे मी कधी विसरणार नाही. बाकीच्या मुलांना त्यांनी हाकारत घरात नेलं आणि दार लावून घेतलं. मी मात्र एकीलाच शोधत होते. ती चहाच्या पातेल्यापाशी उभी होती आणि हसत होती. तिला वाटलं, काहीतरी गंमत आहे. मी जेवायला अंथरलेली सतरंजी ओढली, तिला खाली पाडलं आणि आम्हा दोघींवर घेतली. आत अंधार, धुळीचा वास, आणि बाहेर पाऊस पडावा तशा माश्या सतरंजीवर आपटतायत. ती सुटायला धडपडत होती. ‘म्याडम, सोडा की, दूध उतू जाईल.’ मी तिला दाबून धरलं होतं. माझ्या हातांना, मानेला किती चावल्या ते मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त तिचा श्वास ऐकत होते. आणि मग ती एकदम म्हणाली, ‘आई गं, पायाला.’ एक पाय बाहेर राहिला होता.

साहेबांनी स्वतः गाडी काढली, सतरंजीसकट आम्हाला आत घेतलं. पौडपर्यंतचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे, आता त्यावर खडीचे डंपर असतात. एक डंपर पुढे, काही केल्या बाजू देईना. तिचे ओठ सुजत गेले. आधी ती विचारत होती, मला काय होतंय, मग तिचं विचारणं थांबलं आणि फक्त घशात शिट्टी वाजायला लागली. माझ्याकडे बघत होती, बाई. सगळं मला माहीत असणार अशा खात्रीने बघत होती. तिला मरणाचं भय काय ते ठाऊक नव्हतं, ते मी तिच्या डोळ्यांत शिरताना पाहिलं. मी काय बोलले ते आठवत नाही. देवाचं नाव घेतलं असेल, तुमचंही घेतलं असेल.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि मी बाकावर बसले. माझे हात सुजून भाकरीएवढे झाले होते. तिची आई आली ती कामावरून तशीच, पायाला माती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ आत गेली. मग नर्स बाहेर येऊन म्हणाली, श्वास नीट सुरू झालाय, घाबरू नका. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं, आणि मी त्या बाकावर सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. तुम्ही असतात तर तिथेच झापलं असतंत.

ती दहा-बारा दिवसांनी शाळेत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आईला दिलेला शब्द मोडला. माशी चावली तर तिला काय होतं, का होतं, काय करायचं, सगळं. अडाणी ठेवून तिला सांभाळायची ताकद माझ्यात उरली नव्हती. ती ऐकत होती, मध्ये एकदाही ‘मलाच का’ म्हणाली नाही.

परवा तिची आई आली. बसा म्हटलं तर बसली नाही. ‘बाई, पोरगी रानात जाईना झालीया. कुटं घूं झालं की घोंगडं डोक्यावर घिऊन बसतीया. तुमी सांगितलं व्हय तिला?’ मी हो म्हणाले. मग म्हणाली, ‘तुमी तिला वाचीवलं, त्ये मी मरंस्तवर इसरनार न्हाई. पर आता शेरडं इकाय लागतील. अन् पोर आमची ऱ्हायली न्हाई, तुमच्यावानी झाली.’ रागाने नाही म्हणाली. म्हणून तर जास्त लागलं. मी म्हटलं, होईल हळूहळू पहिल्यासारखी, आणि ती गेली.

आज मधल्या सुट्टीत मुलांनी खो-खो मांडला. तिला दोनदा हाक मारली. ती उठली नाही. आता तिला जवळ बस असं मी म्हणत नाही, तरी आपणहून ओट्यावर येऊन माझ्या पदराला लागून बसली आणि खेळणाऱ्यांकडे बघत राहिली. पाय हलत नव्हते. मला वाईट वाटायला हवं होतं. सगळ्यांना तेच सांगते मी, की फार वाईट वाटतं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते, बाई. मला बरं वाटलं. ती हाताच्या अंतरावर होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. सुट्टी संपेपर्यंत आम्ही तशाच बसलो, आणि ‘जा, खेळ’ असं मी तिला म्हणाले नाही.