रखमाजीचे राहिलेले भागाकार

कुंभार पिंपळगाव

चि. मच्छिंद्र यास कारभारीमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ, सूनबाईंचे गुडघे आणि जालन्यातलं नळाचं पाणी, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, रखमाजी सोडून. तो गेला. (तुला फोन लावला होता, तू मीटिंगमध्ये होतास.)

तो शेतकरी, मी गणिताचा मास्तर, मैत्री लहानपणापासूनची. रिटायर झाल्यावर मी त्याला सहज एक संख्या दाखवली: ५८,८२,३५३. तिचे दोन तुकडे करायचे, ५८८ आणि २३५३; दोघांचे वर्ग करून बेरीज केली की पुन्हा तीच संख्या. त्याने ती बेरीज स्वतः करून बघितली. मग म्हणाला, "मास्तर, तोडून बी ही पुन्हा तीच व्हती. पण हिला बराबर भागणारं कोणी हाय का?" बापाच्या जमिनीचे भावकीत तुकडे होताना पाहिलेला माणूस, त्याला न भागणारं काहीतरी हवं होतं. मी थट्टेत सांगितलं, २४२५ पर्यंतच्या एकूण एक अविभाज्य संख्यांनी भागून बघ, कुठेच बाकी शून्य आली नाही तर हीही अविभाज्य. त्याने लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर भागाकार मांडायला सुरुवात केली. (लग्नसराईत काम जोरात चाले.) नातू म्हणाला, मोबाइलवर मिनिटात सांगतो, तर त्याला घराबाहेर काढलं. मग एके दिवशी रखमाजीने १९८७ ने भागलं, बाकी ८३३ काढली, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत आटोपला.

दहावा शहागडला, गोदावरीवर. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. थोरल्याने आईला सांभाळायचं कबूल केलं, धाकट्याने गुटखा सोडला. (दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला.) झाडावरचे कावळे ढिम्म. त्याची बायको साळूबाई उन्हात पदर पसरून रडत होती, "माझं काय चुकलं तेवढं तरी सांगा हो!" आणि चार गावची माणसं तिच्याकडे बघत होती. भटजी दर्भाचा कावळा वळायला लागले. मला ते बघवेना. मी पुढे होऊन ओरडलो, "रखमाजी, राहिलेले भागाकार मी करतो! हातानं!" आणि कावळा आला. मी देव न मानणारा माणूस. माझी काय अवस्था झाली असेल, समजून घे.

तेव्हापासून भागतो आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ३ आणि ६ सारखेच दिसतात. १९९३ ने तीनदा भागलं, तीन वेगळ्या बाक्या आल्या. साळूबाई रोज संध्याकाळी येऊन विचारते, "भागलं का हो कोणी?" नाही म्हटलं की तिला बरं वाटतं. मलाही वाटतं.

सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
कारभारीमामा

ता. क. सोमवारी जालन्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी येतो आहे, असं घरी सांगितलंय. ऑपरेशन छातीचं आहे. सही करायला तू ये.

आणखी एक. वर भागतो आहे लिहिलं ते खोटं. सगळे झाले, फक्त शेवटचा, २४२३ चा, मुद्दाम ठेवलाय. माझं काही मनात राहिलंय असं घरात कुणाला वाटतच नाही; कावळा अडला तर बिचारे काय कबूल करतील? तू पुढे हो आणि २४२३ म्हण. मात्र लगेच भागून टाकू नकोस. साळूबाईला संध्याकाळी विचारायला कुणीतरी लागेल.