जयवंतकाकांच्या रक्ताची स्लाइड

परळ, मुंबई

आबा, जय भीम.

मलेरिया डोळ्यांसमोर असून मला दिसला कसा नाही?

करी रोडचे जयवंतकाका तापाने फणफणत आमच्या लॅबमध्ये आले. झटपट तपासणीच्या किटवर काही उमटलं नाही, म्हणून रक्ताची स्लाइड वरवर पाहून मी 'मलेरिया नाही' लिहिलं. चार दिवसांनीही ताप उतरेना, तेव्हा तीच स्लाइड मायक्रोस्कोपखाली पुन्हा लावली. इथे सहसा न आढळणारा, आफ्रिकेतला मलेरिया होता. मी काकांना लगेच बोलावून घेतलं.

काका म्हणाले, "आफ्रिकेच्या बोटीवरून उतरून वर्ष झालं, बाय. तू तर मागच्या महिन्यातल्या प्रवासाचंच विचारलंस गो." हा जंतू यकृतात वर्षभरही दडून राहतो, आबा.

त्यांना औषध सुरू झालंय, घाबरू नका. माझी नोकरी अजून कायम नाही, याची आईला आठवण करून देऊ नका. तिचा गुडघा कसा आहे?

चूक माझीच, असं लिहून सही केलेला कागद मी आज सकाळी लॅबच्या साहेबांच्या हातात दिला.

तुमची करुणा