माघीनं ऐकायचं लग्न

मुंबई,
ता. २२ फेब्रुवारी १९३९

गौरामावशीस लाडक्याचा वाकून नमस्कार. तू, पांड्याकाका, गुरंवासरं, वांगणीची सगळी मंडळी बरी असाल. मी बरा आहे. रेडिओच्या कचेरीत शिपायाचं काम चालू आहे. मास्तर, मावशीला सावकाश वाचून दाखवा. ती मध्येच बोलेल, तर बोलू द्या.

मावशी, रेडिओवर गायला ये म्हणून मी मंगळूला तुझ्याकडे धाडलं होतं, त्यानं तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. "नवरा नाय, नवरी नाय, मंग मीं लगीन कोनाचा लावूं? त्या पेटीचा?" मंगळू हसत होता, मीही हसलो. पण तुझं खरं आहे. तू धवलेरी. तू गायलीस की लग्न लागतं. कुणाच्या करमणुकीला तू तोंड उघडणार नाहीस.

तरी इथं काय चाललंय ते ऐक. साहेबांनी आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराला पुढल्या शनिवारी संध्याकाळी अर्धा तास दिला आहे, लग्नाच्या गाण्यांचा. गेल्या आठवड्यात तालीम झाली. गिरगावच्या बाया, हार्मोनियम, तबला, आणि मधूनमधून एक नट "आमी रानातली मानसं" म्हणून खिदळतो. जिच्या धान्यावर आपण जगतो त्या कणसरी आईचं गाण्यात नावसुद्धा नाही! मी पाणी घेऊन आत गेलो होतो. तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, साहेब, हे आमचं नव्हे. माझं मलाच नवल वाटलं. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, मग तुमचं असेल ते घेऊन ये, नाहीतर हेच जाईल.

जाईना का, असं तू म्हणशील. एरवी मीही म्हटलं असतं.

मास्तर, घरात आणखी कुणी बसलं असेल तर आता बाहेर पाठवा. पांड्याकाकालाही.

मावशी, नवरी आहे. नवराही आहे. माघी आणि मी. इतकी वर्षं एका घरात नांदतो, लग्न पुढच्या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू. आपल्यात घाई कोण करतं? माझ्या आईबापाच्या लग्नात मी स्वतः नाचलोय. पण माघीला पुढचं वर्ष नाही. मंगळूला मी ती दमली आहे एवढंच सांगितलं होतं. ती दिवाळीपासून इस्पितळात आहे. क्षय आहे. खोकल्यातून रक्त पडतं. त्या वॉर्डात कुणालाच आत सोडत नाहीत, मी खिडकीच्या गजांतून बोलतो. तुलाही सोडणार नाहीत, गाणं तर लांबच राहिलं.

पण वॉर्डाच्या व्हरांड्यात रेडिओ आहे. संध्याकाळी लावतात.

परवा तिनं पेजेत बोट बुडवून खाटेजवळच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहायला घेतला. म्हटलं, वेडे, नवरी कधी आपला चौक आपण लिहिते का? तर म्हणाली, "मंग कोन लिहील? हितं कोन हाय आपला?" नर्सबाईंनी तो पुसला, त्यांचाही इलाज नव्हता. मी रस्त्यावर येऊन लोकांदेखत रडलो.

म्हणून तू ये. तू इथं गा, मी हळद लावून तुझ्यासमोर उभा राहीन आणि ती तिथं ऐकेल. साहेबांना सगळं सांगितलं आहे. हार्मोनियम नाही, नट नाही, तुझं गाणं कुणी मध्ये तोडणार नाही. सगळी मुंबई ऐकेल, ऐकू दे. खरं लग्न ऐकेल. तू आली नाहीस तर माघीच्या कानावर त्या बायांचं पडेल, आपल्या नावाचं खोटं लग्न. आणि ती बिनलग्नाची जाईल. मावशी, मला ते सोसणार नाही गं.

असं लग्न देवाला चालतं का, मला माहीत नाही. ते तूच ठरव, पण इथं येऊन ठरव. नाही म्हणायचं असेल तर कळवू नको. त्या शुक्रवारी आणि शनिवारी येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी स्टेशनवर उभा असेन.

तुझा,
अजून नवरा न झालेला
लाडक्या