घोड्याला काय आवडतं, ते मला विचारा

११ तारीख. सकाळी ८.
नातीला आठ दिवस सुट्टी. ती जिथे घोड्यावर बसायला शिकते, तिथला म्हातारा तपकिरी घोडा आता निवृत्त होतोय. नातीला तो घरी हवाय. तबेल्याच्या मालकीणबाईंची अट: नात शाळेत असताना घोडा आजोबाच बघणार, तर सुट्टी संपायच्या आत त्याने आजोबांच्या हातचा खाऊ खाल्ला पाहिजे. नाहीतर तो दूरच्या फार्मवर जाईल. नात काल जेवली नाही. मी म्हटलं, बाळा, रडतेस काय? चाळीस वर्षं बेकरी चालवली. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर ओळखायचो, हा टोस्टवाला की केकवाला. घोड्याची जीभ ती काय!
निश्चय: दोन दिवसांत विषय संपवणे.

१२ तारीख.
गाजर. बेकरीचा नियम: आधी आपण चाखायचं, मग गिऱ्हाइकाला द्यायचं. टोक चावलं, उरलेलं पुढे धरलं. त्याने हुंगलं, वरचा ओठ उलटा करून पिवळे दात दाखवले, मान फिरवली. बाहीवर वीतभर लाळ. शी! गाजर जून होतं.

१३ तारीख.
सफरचंद. अर्धं मी, अर्धं तो. त्याने तोंडात घोळवलं आणि माझ्या नव्या बुटावर टाकलं. किळसेने जेवण गेलं नाही. बायको म्हणते, दोनदा भात घेतलात की. तिला किळसेतलं काय कळतं!

१४ तारीख. संध्याकाळी.
माझे कान तिखट. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार खरारा करता करता म्हणत होता, "बेकरीवाले आले, की ह्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं." म्हणजे घोडा माझी दखल घेतो. प्रगती आहे.

१५ तारीख.
स्वतःच भट्टी लावली. ओट, कोंडा, काकवी, चिमूटभर मीठ. पहिलं बिस्किट मी खाल्लं. गोणपाट चघळल्यासारखं. कसंबसं गिळलं. धंद्यात नाक मुरडून चालत नाही. दुसऱ्याचा कोपरा चावून घोड्याला दिलं. त्याने नाक मुरडलं.

१६ तारीख.
मोतद्दार म्हणाला, "साहेब, राग मानू नका. मालात खोट नाही. तुमचं उष्टं तो खात नाही. तंबाखूचा वास मारतो."
तंबाखू मी सोडली आहे. दुपारची चिमूट धरत नाही. आणि हा कुठला राजपुत्र लागून गेलाय? स्वतः माश्यांच्या घोळक्यात उभा राहतो, पाण्याच्या टबात नाक शिंकरतो. मला किळस आली पाहिजे, त्याला कसली?
तरी, नातीसाठी, उद्या न चावता देणे.

१७ तारीख.
बिस्किटाची कड जरा जास्त भाजली होती. तपासावीच लागली. ह्याला चावणं म्हणत नाहीत.

१८ तारीख. दुपारी.
सुट्टीचा शेवटचा दिवस. मालकीणबाई, नात, बायको, सगळ्या हजर. मी डबा उघडला. नात कानाशी आली, "आजोबा, चावू नका हं." मी म्हटलं, वेडी की काय! म्हणताना तोंडातून चुरा उडाला. घोडा दोन पावलं मागे. नातीचे डोळे भरले. मालकीणबाईंनी फार्मवाल्याला लावायला फोन काढला.
तेवढ्यात बायकोने माझ्या हातातला डबा ओढला. तळहातावर अख्खं बिस्किट ठेवलं. घोड्याने खाल्लं. दुसरं खाल्लं. चौदा खाल्ली! वर तिच्या खांद्यावर ती ओली, केसाळ हनुवटी टेकवली. ती हसत होती. शी!
मालकीणबाई म्हणाल्या, "घोडा न्या. पण बघायचं आजींनी."
रेसिपी कुणाची होती, हे कुणीच विचारलं नाही.

२० तारीख. सकाळी ७.
घोडा घरी आला. खाऊ बायकोकडे, खरारा नातीकडे, लीद माझ्याकडे. तीन पाट्या झाल्या, चौथी चालू आहे. वास कपड्यांतून जात नाही.
एक मात्र खरं. बायको खाऊ देते तेव्हा तो नुसता खातो. मी लीद काढायला वाकलो, की खाणं थांबवून मान वळवतो आणि कोपरे नीट साफ झाले का, ते बघतो.
चाळीस वर्षं मी नोकरांकडे अस्साच बघायचो.